पट्ट्यावरचे नाव: पट्टेवाला, चपराशी आणि धातूवर कोरलेली सत्ता

१/
मराठीत एक माणूस असा आहे, ज्याची ओळख त्याच्या कमरेला बांधलेल्या वस्तूवरून पडली: पट्टेवाला. कचेरीच्या दारात उभा राहणारा, साहेबाची घंटा वाजली की धावणारा, गावात समन्स घेऊन जाणारा. त्याला पट्टेवाला म्हणत, कारण त्याच्या अंगावर पट्टा असे आणि त्या पट्ट्यावर अक्षरे कोरलेला धातूचा बिल्ला असे. त्या बिल्ल्यावर नाव होते, पण त्याचे नव्हते. हा लेखप्रपंच त्या कोरलेल्या नावाचा इतिहास आहे.

२/
आधी शब्द पाहू. या एकाच माणसासाठी आपल्याकडे चार शब्द रूढ झाले आणि प्रत्येक शब्द वेगळ्या राजवटीची खूण घेऊन आला. ‘शिपाई’ फार्सीतून आला. मूळ अर्थ सैनिक. ‘प्यून’ इंग्रजीमार्गे आला, पण त्याचे मूळ पोर्तुगीज ‘पिआंव’ म्हणजे पायी चालणारा, पायदळातला माणूस. ज्या पोर्तुगिजांची वसईवर १५३४ ते १७३९ अशी दोन शतकांची सत्ता होती, त्यांच्या भाषेतला हा शब्द पुढे साऱ्या हिंदुस्थानच्या कचेऱ्यांत पसरला.

३/
तिसरा शब्द ‘चपराशी’. चपरास बाळगणारा तो चपराशी. फार्सीत ‘चप’ म्हणजे डावा आणि ‘रास्त’ म्हणजे उजवा. पट्ट्याची डावी-उजवी टोके जिथे एकमेकांना भेटतात तो आकडा, म्हणजेच आजच्या भाषेत बकल, अशी ‘चपरास’ या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली जाते. चौथा शब्द ‘पट्टेवाला’, मुंबई इलाख्याचा खास. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशातही त्याची नोंद आहे: बंगालमध्ये ज्याला चपराशी म्हणतात, त्याला मुंबईकडे पट्टेवाला म्हणतात.

४/
म्हणजे बंगालने त्या माणसाला बकलाचे नाव दिले आणि मुंबईने पट्ट्याचे. दोन्हीकडे माणूस मागे राहिला आणि वस्तू पुढे आली. असे का झाले असावे? कारण लोकांचे लक्ष त्या वस्तूकडेच जात होते. दाराशी आलेला माणूस ओळखीचा आहे की परका, तरुण आहे की म्हातारा, याने फरक पडत नव्हता. त्याच्या पट्ट्यावर कोणत्या कचेरीचे नाव आहे, याने फरक पडत होता.

५/
धातूवर अक्षरे कोरायची आणि त्या अक्षरांना सत्तेचे वजन द्यायचे, ही रीत मात्र इंग्रजांनी आणलेली नाही. उत्तर कोकणात ती हजार वर्षांहून जुनी आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत राजासाठी स्पष्ट सूचना आहे: भूमिदान केले की ते कापडावर किंवा ताम्रपट्टावर लिहून द्यावे आणि वर स्वतःची मुद्रा उमटवावी. हेतू असा, की पुढे येणाऱ्या राजांनाही ते कळावे. ‘पट्ट’ या संस्कृत शब्दात फळी, पत्रा आणि पट्टी हे सगळे अर्थ आहेत. ताम्रपट्ट, जमिनीचा पट्टा आणि कमरेचा पट्टा हे शब्द याच घराण्यातले.

६/
आजच्या पालघर जिल्ह्यातील चिंचणी या गावी ताम्रपटांचे पाच संच सापडले. त्यांतला एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला, शके ८४८ म्हणजे इ.स. ९२६ चा. संयान, म्हणजे आजचे संजाण, या प्रदेशाचा कारभार तेव्हा एका अरब अधिकाऱ्याकडे होता. त्याचे नाव मुहम्मद. संस्कृत लिहिणाऱ्याने ते ‘मधुमती’ असे करून घेतले. त्याने लोकांसाठी नदीवर मोफत तर सुरू केली आणि अन्नछत्र घातले, हेही त्या तांब्यावर नोंदले आहे. एका हिंदू मठिकेला मिळालेल्या दानाचा हा दस्त आहे.

७/
असा ताम्रपट कसा बनत असे? प्रथम तांब्याचा पत्रा ठोकून सपाट करत. मजकूर ठरला की तो पत्र्यावर लिहून घेत आणि मग कारागीर छिन्नी-हातोडीने अक्षर न् अक्षर कोरत असे. अक्षर चुकले तर तो भाग ठोकून बुजवायचा आणि त्यावर पुन्हा कोरायचे. अनेक ताम्रपटांवर अशा दुरुस्त्या आजही दिसतात. शेवटी सगळे पत्रे एका कडीत ओवायचे आणि कडीच्या जोडावर राजमुद्रा बसवायची. कडी तोडल्याशिवाय पत्रा बदलता येत नसे. एका अर्थी तेही बकलच होते.

८/
इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे. अनेक ताम्रपटांच्या शेवटी मजकूर रचणाऱ्याचे आणि कोरणाऱ्याचेही नाव येते. कधी तो सोनार असतो, कधी कांस्यकार. राजाच्या वंशावळीने सुरू झालेला दस्त एका कारागिराच्या नावाने संपतो. हा मजकूर मी कोरला, असे सांगण्याची जागा त्या काळच्या कारागिराला काही वेळा तरी मिळत होती.

९/
मराठ्यांच्या काळात तांब्याऐवजी कागद आला, पण कोरलेल्या धातूचे महत्त्व कमी झाले नाही. आता धातू कागदावर उमटू लागला. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा १६४६ च्या रांझे येथील पाटलाविषयीच्या प्रसिद्ध पत्रावर दिसते. पत्राच्या माथ्यावर मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे मोर्तब. या दोन ठशांच्या मधे जे लिहिले तेच खरे. त्याबाहेर कोणी एक शब्द वाढवला तरी तो पकडला जाई. ‘शिक्कामोर्तब’ हा आपला रोजचा शब्द तिथून आला.

१०/
शिक्का आणि बिल्ला या दोन्ही वस्तू कोरीव कामातूनच तयार होतात, पण त्यांच्यात एक महत्त्वाचा फरक आहे. शिक्का उलटा कोरावा लागतो, म्हणजे कागदावर तो सुलटा उमटतो. तो वापरणारा पडद्याआड असतो. लोकांपुढे येतो तो फक्त ठसा. बिल्ला मात्र सुलटा कोरतात, कारण तो थेट लोकांनी वाचायचा असतो. शिक्का कागदाला अधिकार देतो. बिल्ला एका चालत्याबोलत्या माणसाला अधिकार देतो. त्यामुळेच बिल्ल्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे.

११/
१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकणचा हा पट्टा कंपनी सरकारकडे गेला. वसई ठाणे जिल्ह्यातला तालुका झाला. मामलेदार कचेरी, न्यायालय, मीठ खाते, टपाल, आणि १८६४ मध्ये मुंबईपर्यंत पोहोचलेली बी.बी. अँड सी.आय. रेल्वे. प्रत्येक खात्याची माणसे वेगळी आणि प्रत्येकाची ओळख पटवणारा धातूचा बिल्ला. बहुतेक लोकांना वाचता येत नव्हते, अशा काळात सरकार गावात पोहोचे ते कागदाच्या आधी पट्ट्याच्या रूपाने.

१२/
उमेळे, नायगाव, जूचंद्र या भागाचेच उदाहरण घ्या. वसईच्या खाडीलगतची ही भूमी मिठागरांची. मीठ हा सरकारच्या महसुलाचा मोठा आधार होता आणि १८९० च्या मुंबई मीठ कायद्यासारख्या कायद्यांनी त्याचे उत्पादन, साठवण आणि वाहतूक यांवर बारीक पहारा बसवला. हा पहारा करणारी माणसे कलेक्टर नव्हती, साहेबही नव्हती. ती तुटपुंज्या पगाराची माणसे होती. चिखलात राबणाऱ्या आगरी माणसासमोर उभे राहताना त्यांच्याकडे आगळे असे काय होते? सरकारचा पट्टा.

१३/
ही चपरास दिसे कशी? जुन्या संग्रहांत टिकून असलेले बहुतेक बिल्ले पितळेचे, लंबगोल किंवा ढालीच्या आकाराचे आहेत. मागे पट्टा ओवण्यासाठी पट्टी किंवा कड्या. पुढच्या बाजूला खात्याचे किंवा अधिकाऱ्याचे नाव, कधी इंग्रजीत, कधी देशी लिपीत, कधी दोन्हींत. काहींवर क्रमांक. बड्या दरबारांत आणि उच्चपदस्थांच्या दिमतीला चांदीचे किंवा मुलामा दिलेले बिल्ले असत. साहेबाचा हुद्दा वाढला की त्याच्या शिपायाच्या छातीवरचा धातू बदलायचा. शिपायाचे आयुष्य फारसे बदलायचे नाही.

१४/
कोरण्याची कृती आजही जवळजवळ तशीच आहे. पत्रा हलू नये म्हणून तो गरम राळेत बसवतात. राळ थंड झाली की तो घट्ट धरला जातो. मग अक्षरे आखायची आणि पोलादी कोरणीने धातू काढायचा. ठशाच्या कामात धातू दाबला जातो, ठोकीव कामात तो उचलला जातो. कोरीव कामात तो कापून काढला जातो. काढलेला कण परत बसवता येत नाही. पितळेच्या चपराशीवर कोरलेल्या खाचेत काळी लाख किंवा मेण भरत, म्हणजे पिवळ्या धातूवर अक्षर लांबूनही उठून दिसे.

१५/
अक्षर खोल कोरण्याला एक व्यावहारिक कारणही होते. बिल्ला रोज घासून लखलखीत ठेवावा लागे. घासता घासता पितळ झिजते आणि उथळ अक्षर काही वर्षांत पुसट होते. जुन्या बिल्ल्यांवरून बोट फिरवले की कडा गुळगुळीत लागतात. ती झीज म्हणजे कुणाच्या तरी आयुष्यातल्या असंख्य सकाळींची नोंद आहे. कचेरीचे नाव चमकत राहावे म्हणून एक माणूस ते रोज पुसत राहिला.

१६/
धातूत इतका अधिकार असेल तर त्याची चोरीही होणारच. खोटा पट्टा बांधून लोकांना लुबाडणे किती सोपे होते, याची कल्पना सरकारला होती. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १७१ नेमके याच फसवणुकीसाठी आहे. लोकसेवक नसताना लोकसेवकाचा पोशाख किंवा खूण फसवण्याच्या हेतूने धारण केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तरतूद कलम २०५ मध्ये आहे. कैद तेवढीच, दंडाची मर्यादा मात्र पाच हजार रुपये.

१७/
पण खोट्या पट्ट्याइतकाच खऱ्या पट्ट्याचाही जाच होता. जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात सरकारी कचेऱ्यांतली माणसे निरक्षर शेतकऱ्याला कशी नाडतात, याचे सविस्तर चित्र आहे. राणीचा कायदा लंडनहून येवो की मुंबईहून. शेतकऱ्याच्या वाट्याला तो कचेरीच्या दारात, कारकुनाच्या आणि शिपायाच्या हातून येत असे. ज्याला बिल्ल्यावरचे अक्षर वाचता येत नाही, त्याच्यासाठी ते अक्षर अधिकच भयंकर होते. शिक्षणासाठीचा फुल्यांचा आग्रह या अनुभवाशीही जोडलेला आहे.

१८/
आणि तरीही कोरलेल्या धातूची एक मर्यादा होती. १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर परदेशातले शिक्षण घेऊन बडोदा संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. हुद्द्याने ते वरिष्ठ अधिकारी होते. कचेरीतले शिपाई मात्र विटाळ होईल म्हणून कागदपत्रे त्यांच्या मेजावर दुरून फेकत. सरकारी श्रेणीत शिपाई सर्वांत खाली आणि अधिकारी वर. पण त्या खोलीत श्रेणी चालली नाही, जात चालली. कोणत्याही बिल्ल्यावर न कोरलेली ती ओळख सगळ्यांना तोंडपाठ होती.

१९/
ही घटना पट्टेवाल्याच्या इतिहासातली सर्वांत बोलकी घटना म्हणावी लागेल. शिपाई स्वतः त्या व्यवस्थेत दबलेला होता. त्याला नावाने हाक मारली जात नव्हती, घंटेने बोलावले जात होते. तरी दुसऱ्याला कमी लेखण्याची संधी मिळताच त्याने ती घेतली. उसना अधिकार माणसाला मोठे करत नाही, हे इतिहासात अनेकदा दिसते. बडोद्यातून आंबेडकरांना थोड्याच दिवसांत बाहेर पडावे लागले. पुढे त्यांनी जे संविधान घडवले, त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली.

२०/
बिल्ल्यावरचे नाव पुढे आणखी आटले आणि क्रमांक उरला. रेल्वे स्थानकावरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला सगळ्यांनी पाहिलेला आहे. १९८३ च्या ‘कुली’ चित्रपटात अमिताभ बच्चनच्या दंडावर ७८६ क्रमांकाचा बिल्ला होता आणि तो आकडा घराघरांत पोहोचला. त्या बिल्ल्याची लोकप्रियता विचार करण्यासारखी आहे. ओझे वाहणाऱ्या माणसाला ओळखण्यासाठी कोरलेला निर्जीव आकडा पडद्यावर त्याच्या अभिमानाचा आणि श्रद्धेचा आकडा झाला. ज्यांच्यावर बिल्ला लादला गेला, त्यांनी त्याला स्वतःचा अर्थ दिला.

२१/
आज कोणी हौसेने चांदीचे बकल हाताने कोरून घेतो, तेव्हा तंत्र तेच असते. शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून साधारण ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुतेक तांबे असा मिश्रधातू घेतात. राळेत बसवलेल्या पत्र्यावर कोरणी तळहाताने पुढे ढकलली की चांदीची बारीक कुरळी तार सुटत जाते. खाचेची तिरकी बाजू आरशासारखी चकाकते आणि बकल हलवले की रेघ उजळते, मावळते. यंत्राने कोरलेल्या रेघेला सगळीकडे सारखी जाडी असते. हाताची रेघ वळणावर फुगते आणि टोकाला निमुळती होते.

२२/
तंत्र तेच असले, तरी मजकूर बदलला आहे. चपराशीवर मालकाचे नाव असे, या बकलावर बांधणाऱ्याचे असते. कुणाचे आद्याक्षर, कुणाच्या गावाचे नाव, कुणाच्या आईचे. हजार वर्षे राजे, कचेऱ्या आणि कंपन्या धातूवर स्वतःचे नाव कोरून दुसऱ्याच्या अंगावर चढवत आल्या. साध्या माणसाने स्वतःचे नाव कोरून स्वतःच्या कमरेला बांधावे, हा त्या दीर्घ इतिहासातला छोटा पण अर्थपूर्ण उलटा प्रवास आहे.

२३/
जुन्या चपराशी आता संग्राहकांच्या कपाटांत जाऊन बसल्या आहेत. त्यांवर खात्याचे नाव वाचता येते, जिल्ह्याचे कळते, कधी साहेबाचा हुद्दाही सापडतो. ती चपरास बांधून कोणी उन्हातान्हात गावे पालथी घातली, त्याचे नाव तिच्यावर नाही. ती कोणी कोरली, त्याचेही नाही. इ.स. ९२६ च्या आसपासचा कारागीर राजाच्या दस्ताखाली कधीकधी आपले नाव सोडून जाऊ शकत होता. एकोणिसाव्या शतकातल्या कारागिराला तेवढीही जागा उरली नाही.

२४/
म्हणून एखाद्या घरात आजोबा-पणजोबांचा असा बिल्ला ट्रंकेत पडून असेल, तर तो मोडीत घालण्यापूर्वी एक काम करण्यासारखे आहे. तो कोणी बांधला, कोणत्या कचेरीत, कोणत्या वर्षांत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून कागदावर लिहून बिल्ल्याबरोबर ठेवावे. सरकारने आपले नाव धातूवर कोरून ठेवले आहे, ते टिकेल. पट्टेवाल्याचे नाव फक्त घरच्यांच्या आठवणीत आहे, आणि आठवण पितळेपेक्षा लवकर झिजते.